दोनशे सातमधले दात

लहान मूल घेऊन कुठल्या हॉटेलात उतरावं, हे लोक मला अजूनही विचारतात. निवृत्त होऊन दोन वर्षं झाली. भाईंदरला, गोडदेवच्या आमच्या सोसायटीत आता मी फक्त गुडघे दुखणारी एक बाई आहे. पण कोणाची सून, कोणाचा भाचा सुट्टीला निघाला की फोन येतोच. "सुनंदाताई, तुम्ही हॉटेल लाइनमध्ये होतात ना? आमचा पिंट्या दीड वर्षाचा आहे. कुठलं बघू?"

हॉटेल लाइन हा शब्द ऐकून अनोळखी माणसाची भुवई जरा वर जाते, म्हणून आधीच सांगते. काशिमिऱ्याला हायवेच्या कडेला बेचाळीस खोल्यांचं एक हॉटेल आहे, खाली लग्नाचा हॉल. तिथे मी सव्वीस वर्षं हाउसकीपिंगमध्ये होते. शेवटची अकरा वर्षं सुपरवायझर. हाउसकीपिंग म्हणजे लोकांना वाटतं चादरी बदलणं. चादरी बदलायच्याच असतात, पण खरं काम म्हणजे आधीचा माणूस पुसून टाकणं. एक पाहुणा बाराला खोली सोडतो, दुसरा दीडला येतो. मधल्या वेळात पहिल्याचा केस, वास, चहाचा डाग, उशीवरचा खळगा, सगळं गायब झालं पाहिजे. दुसऱ्याला वाटलं पाहिजे की ही खोली आजच, आपल्यासाठीच जन्माला आली.

मोठी माणसं पुसता येतात. लहान मूल पुसता येत नाही. तीन वर्षांच्या आतलं मूल राहून गेलेली खोली आम्ही दारातूनच ओळखायचो. आरशावर एका ठरावीक उंचीपर्यंत हातांचे ठसे, त्याच्या वर आरसा लख्ख. पडद्याच्या दुमडीत बिस्किट. चपला ठेवायच्या खणात केळं. एकदा टेलिफोनच्या रिसिव्हरमधून मुरमुरे निघाले होते. कसे गेले, ते आजही कळलेलं नाही.

आणि आईबाप तरी काय विचारतात? स्विमिंग पूल आहे का, खेळायला जागा आहे का. अहो, दोन वर्षांच्या मुलाला तुमचा पूल नको असतो. त्याला बाथरूममधला मग हवा असतो. विचारायचं ते असं, की बाथरूमची कडी आतून लागली तर बाहेरून उघडते का? खिडकी किती उघडते? पलंग भिंतीला लावून देणार का? एवढं विचारलंत तरी पुष्कळ झालं.

तरी मुलं आपल्याला चकवतातच. सुरतचं एक जोडपं आलं होतं, त्यांची मुलगी फक्त मिक्सरच्या आवाजावर झोपायची. घरी रोज दुपारी मिक्सर रिकामा फिरवायचे म्हणे. बापाने रिसेप्शनला येऊन अगदी सभ्यपणे विचारलं, "हम को शांत रूम नहीं चाहिए, थोड़ा आवाजवाला मिलेगा?" मी त्यांना किचनच्या वरची खोली दिली. खाली इडलीचं पीठ वाटायला लागले की वर मुलगी गाढ. जाताना त्यांनी अभिप्रायाच्या वहीत लिहिलं, "बहुत ही सुंदर आवाज." आमच्या मॅनेजरांना, म्हणजे पारेखसरांना, त्याचा अर्थ लागला नाही. ते महिनाभर लोकांना सांगत होते की लॉबीतल्या म्युझिकचं कौतुक झालं.

या पारेखसरांच्या डोक्यात एकदा आलं की आपलं हॉटेल 'फॅमिली फ्रेंडली' करायचं. घोडबंदर रोडला, चेण्याच्या बाजूला एक नवं हॉटेल उघडलं होतं, त्यांच्या बोर्डावर तसं लिहिलेलं त्यांनी गाडीतून जाताना पाहिलं. दुसऱ्या दिवशी आमच्याही गेटवर बॅनर लागला. फॅमिली फ्रेंडली होण्यासाठी आम्ही नक्की काय केलं होतं? जेवणाच्या हॉलमध्ये मुलांच्या दोन उंच खुर्च्या आणल्या आणि लॉबीत जिराफाचं एक चित्र लावलं. जिराफ जरा रागावलेला दिसायचा.

बॅनर लागून आठवडा झाला नसेल, तेव्हा केतकी आली.

केतकी मूळची भाईंदरचीच, लग्न होऊन नाशिकला गेलेली. तिच्या धाकट्या बहिणीचं, सईचं, लग्न आमच्या हॉलमध्ये ठरलं होतं. माहेरचं घर दोन खोल्यांचं, त्यात लग्नाची गर्दी. म्हणून केतकी, तिचा सव्वादोन वर्षांचा मुलगा अबीर आणि तिचे आजोबा आप्पा, अशा तिघांनी चार दिवस हॉटेलात राहायचं ठरत होतं. नवरा लग्नाच्या दिवशी थेट येणार होता. पण कुठलं हॉटेल ते ठरलं नव्हतं. हॉल तुमचा घेतला म्हणून खोलीही तुमचीच घेईन, असं समजू नका, असं तिने रिसेप्शनला आल्या आल्या सांगितलं. त्या दिवशी ती तीन हॉटेलं बघणार होती. आमचं तिसरं.

खोली दाखवायला मी गेले. दोनशे सात. माझी लाडकी खोली. कोपऱ्यावरची, भरपूर उजेडाची. मी दार उघडलं, एसी लावला, पडदा सरकवला. केतकीने त्यातलं काहीच बघितलं नाही. ती म्हणाली, "मावशी, खाली पुसलंय ना?"

"म्हणजे काय! सकाळीच."

"बरं," म्हणाली आणि पर्स पलंगावर टाकून सरळ गुडघ्यांवर बसली. मग हात टेकले आणि रांगायला लागली.

मला वाटलं हिचं काही पडलं. अबीरला मात्र नवल वाटलं नाही. तो आपला मधोमध उभा राहून आईकडे असा बघत होता, जसा कॉन्ट्रॅक्टर मजुराकडे बघतो.

"तुम्हीपण या ना," केतकी पलंगाखालून म्हणाली. "वरून काही कळत नाही. तो जिथून बघतो तिथून बघायला पाहिजे."

माझ्या अंगावर युनिफॉर्मची कडक इस्त्रीची साडी, वय पन्नाशी ओलांडलेलं. पण पाहुण्याला नाही म्हणायची सवय नव्हती. साडी खोचली आणि मीही खाली बसले. गेली कित्येक वर्षं मी त्या खोल्या तपासत होते. हात फिरवून धूळ बघायचे, वाकून पलंगाखाली बघायचे. पण दोन फुटांवरून खोली कधी पाहिली नव्हती. काय काय दिसलं! चहाच्या टेबलाच्या खालच्या अंगाला कोणीतरी चिकटवलेलं च्युइंगगम, दगड झालेलं. खाटेच्या पायाशी प्लगची तीन भोकं, बरोबर अबीरच्या बोटांच्या उंचीवर. काचेच्या टेबलाचा टोकदार कोपरा, नेमका त्याच्या डोळ्यासमोर. आणि पलंगाखाली भिंतीला चिकटून एक मोजा. पुरुषाचा, निळा, एकटा.

मोजा बघून मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. केतकीने तो चिमटीत धरून माझ्याकडे दिला आणि पुढे रांगायला लागली.

तेवढ्यात पारेखसर 'मॅडमना रूम आवडली का' विचारायला आले. दारात उभे. आत दोन बायका हातापायांवर, आणि एक मूल उभं.

"कुछ गिर गया क्या, सुनंदाबेन?"

"नाही सर," मी खालूनच म्हटलं, "हॉटेल बघतोय."

केतकीने सगळं तपासलं. शेवटी कपाट उघडलं. कपाटाच्या खालच्या खणात लॉकर होता. आमच्या सगळ्या खोल्यांत असायचा, लोखंडी पेटी, दारावर आकड्यांची बटणं. पाहुण्याने आपले चार आकडे दाबायचे, मग लॉकचं बटण दाबायचं. घर्रर आवाज होतो आणि दार बंद. परत तेच चार आकडे दाबले की उघडतं.

"ह्याचं काय?" केतकीने विचारलं.

"तो लॉकर," मी म्हटलं. "ह्यात कसला धोका? उलट ह्यात ठेवलं की निर्धास्त."

हे मी बोलले. माझ्या स्वतःच्या तोंडाने.

तिने आमचं हॉटेल घेतलं. नंतर मी तिला विचारलं, एवढ्या चुका सापडल्या, मोजा सापडला, तरी आमचंच का? ती म्हणाली, "मावशी, आधीच्या दोन हॉटेलांत कोणी खाली बसलं नाही."

ते वाक्य ऐकून मला जे चढलं, ते उतरायला बरेच दिवस लागले. मी दोनशे सातचा कायापालट करून टाकला. टेबलाचे कोपरे जुन्या गादीचा फोम कापून गुंडाळले. प्लगवर झाकणं लावली. पलंग भिंतीला लावला. लाँड्रीतली रोझी माझ्या मदतीला असायची. ती चौक गावची, उत्तनच्या पलीकडची, तिथून बस आणि रिक्षा करत रोज यायची आणि वेळेच्या आधी यायची. ती फोमकडे बघून म्हणाली, "ताई, राजाचा पोर येतंय का काय?"

"राजाचंच समज," मी म्हटलं.

लग्नाच्या आदल्या दिवशी दुपारी मेंदी होती. दोनशे सातमध्ये टॉवेल द्यायला गेले तर केतकी आरशासमोर बसलेली, दोन्ही हात कोपरापर्यंत मेंदीने भरलेले, हवेत धरलेले. मेंदीवाली नुकतीच गेली होती. आप्पा खुर्चीत डोळे मिटून आपली मंगलाष्टकं पुटपुटत होते. अबीर आईच्या पदराला लोंबकळून 'उचल, उचल' म्हणून भोकाड पसरत होता. ती बिचारी त्याला कोपराने थोपटत होती.

"द्या इकडे," मी म्हटलं. मुलांना गप्प करण्यात माझा हात कोणी धरू शकत नाही, असा माझा समज होता.

अबीरच्या हातात एक लाल मोटार होती. मी कपाट उघडलं, लॉकरचं दार उघडलं, म्हटलं, "हे बघ, गाडीचं गॅरेज. गाडी दमली. गाडीला झोपवायचं?" गाडी आत ठेवली. एक, दोन, तीन, चार दाबलं, लॉक दाबलं. घर्रर. अबीरचं रडणं जागच्या जागी थांबलं. परत एक, दोन, तीन, चार. घर्रर. दार उघडलं, गाडी हजर. पोरगं असं हसलं की त्याला उचकी लागली.

आम्ही ते वीस वेळा केलं असेल. पंधराव्या खेपेला तो स्वतः बटणं दाबायला लागला. आकडे त्याला कुठले कळायला. चार बीप झाले की लॉक, एवढं मात्र पक्कं समजलं. मी मागून आकडे बरोबर करून घ्यायचे. मला इतका अभिमान वाटला, की खाली जाऊन रोझीला सांगितलं, "सव्वादोन वर्षांचा पोरगा, पण लॉकर चालवतो!"

"तुमी शिकवलाव?" रोझीने विचारलं.

"मग कोणी?"

लग्नाचा मुहूर्त अकरा वाजून वीस मिनिटांचा होता. दहाच्या सुमाराला मी हॉलच्या दारात पायपुसणी घालून घेत होते, तर इंटरकॉमवर केतकी. "मावशी, लगेच वर या. आप्पांचे दात सापडत नाहीयेत."

आप्पांबद्दल इथे सांगायला हवं. वय ब्याऐंशी, शाळेत मराठी शिकवून निवृत्त झालेले. सईच्या लग्नासाठी त्यांनी स्वतः आठ मंगलाष्टकं रचली होती. महिनाभर तालीम चालली होती. त्यांना अनुप्रासाचा भारी सोस, आणि नातीचं नाव सई, त्यामुळे सगळी रचना 'स'ने खचाखच भरलेली. पहिली ओळ मला तोंडपाठ झाली होती, कारण टॉवेल द्यायला जाईन तेव्हा ती कानावर यायची. 'आली मुग्ध सुहासिनी सखि सई सौभाग्य साजे तिला.' दात असताना हे फार सुंदर वाटायचं.

त्या सकाळी नाश्ता झाल्यावर आप्पांनी कवळी धुतली, स्टीलच्या डबीत ठेवली, डबी टेबलावर ठेवली आणि दाढी करायला गेले. बाहेर आले तर डबी नाही.

मी आणि रोझीने खोली उलटीपालटी केली. गाद्या उचलल्या. रोझी पलंगाखाली पोटावर सरपटत गेली. पडदे झटकले, कचऱ्याचा डबा ओतला, कमोडमध्येसुद्धा बॅटरी मारून पाहिली. आप्पा खुर्चीत बसून तोंडावर पंचा धरून होते. शेवटी केतकी अबीरसमोर बसली. "सोन्या, आप्पांचे दात कुठायत?"

अबीरने शांतपणे सांगितलं, "दात दमले."

"दमले? मग कुठे गेले?"

"गॅलेजमध्ये."

"कुठलं गॅरेज?" केतकी म्हणाली. "मावशी, हा कुठलं गॅरेज म्हणतोय?"

खोलीत ते एका माणसालाच माहीत होतं. मी कपाट उघडलं. लॉकर बंद. एक, दोन, तीन, चार दाबलं. लाल दिवा. अबीरने ह्या वेळी मागे कोणी नसताना आपल्या मनाने आकडे दाबले होते.

"कुठलं बटण दाबलंस बाळा?"

"सगलं."

आम्ही अजून दोन अंदाज केले. तीनदा चुकलं की तो लॉकर रुसतो, पंधरा मिनिटं कोणाचं काही ऐकत नाही. तो रुसला.

पारेखसरांना बोलावलं. सगळ्या लॉकरना मिळून एक मास्टर नंबर असतो, तो मॅनेजरकडे असतो. पारेखसरांकडे तो एका चिठ्ठीवर होता आणि चिठ्ठी त्यांच्या आधीच्या मॅनेजरच्या हातची. त्यातला आठ होता की तीन होता, यावर आमच्यात मतभेद झाले. लॉकर जागा झाल्यावर आठ लावून पाहिला, तीन लावून पाहिला, पारेखसरांनी रागाने शून्य लावून पाहिला. लॉकर पुन्हा रुसला. आधीच्या मॅनेजरला फोन लावला, तो आता दुबईला असतो, फोन लागला नाही. उरला शेवटचा उपाय, किल्ली. नंबराची पट्टी सरकवली की मागे किल्लीचं भोक असतं. बेचाळीस लॉकरच्या बेचाळीस किल्ल्या एका तारेत ओवलेल्या होत्या. कुठली कोणाची, हे लिहिलेल्या चिठ्ठ्या कधीच गळून पडल्या होत्या.

पावणेअकरा झाले होते. खाली सनई सुरू झाली होती. मी आणि रोझी कपाटासमोर मांडी ठोकून एकेक किल्ली लावायला लागलो.

पारेखसर घामाघूम. ते केतकीला म्हणाले, "मॅडम, लॉकर काही रमकडुं, खेळणा नाही ना. बच्चा पर ध्यान ठेवायला पायजे. असा कोण शिकवला ह्याला?"

केतकी रडवेली झाली. म्हणाली, "माझंच चुकलं. माझं लक्ष नव्हतं."

मी त्या क्षणी तोंड उघडायला हवं होतं. सातवी किल्ली माझ्या हातात होती. मी ती भोकात घातली, फिरवली, काढली आणि आठवी घेतली. रोझीने माझ्याकडे बघितलं. मी तिच्याकडे बघितलं नाही. सव्वीस वर्षांच्या नोकरीत मी पाहुण्यांची भांडी फोडली असतील, इस्त्रीने एकाचा कोट जाळला, ते सगळं त्याच दिवशी कबूल केलं. हे एवढं मात्र गिळलं. कारण हे अपघाताने झालं नव्हतं. हे मी हौसेने केलं होतं, आणि वर मिरवलं होतं.

एवढ्यात सई आली. पिवळी साडी, मुंडावळ्या, डोळ्यांत पाणी. मुहूर्त जवळ आला आणि आजोबा का येत नाहीत, म्हणून स्वतः वर आलेली. आप्पांनी पंचा बाजूला करून तिला सांगितलं, "शई, मला जमायचं न्हाई. गुरुजींना म्हणू दे."

सईने एकदा सगळीकडे बघितलं. किल्ल्या, लॉकर, अबीर, मी.

"आप्पा, तुम्ही म्हटली नाहीत तर मी पाटावर उभीच राहणार नाही."

"लोक हशतील गं."

"हसू देत."

आप्पांनी पंचा खांद्यावर टाकला. मग उठले, टोपी घातली आणि नातीचा हात धरून निघाले. मला राहवलं नाही. किल्ल्यांची तार रोझीच्या हातात देऊन मी मागोमाग खाली गेले आणि हॉलच्या बाजूच्या दारात उभी राहिले.

अंतरपाट धरला गेला. गुरुजींनी आप्पांसमोर माइक केला. तीनशे माणसं अक्षता घेऊन उभी. आप्पांनी डोळे मिटले आणि खड्या आवाजात सुरू केलं,

"आली मुग्ध शुहाशिनी शखि शई शौभाग्य शाजे तिला..."

हॉल चिडीचूप. कोणाला कळेना की ऐकू आलं ते खरंच ऐकू आलं का. बाया एकमेकींकडे बघायला लागल्या. मी पदर तोंडात कोंबला, पण हसू दाबायला नव्हे, मला मेल्यासारखं झालं होतं. आणि मग मला दिसलं की अंतरपाट हलतोय. वारा नव्हता. अंतरपाटामागे सई हसत होती. खांदे गदगदा हलत होते, मुंडावळ्या नाचत होत्या. सकाळपासून रडवेली झालेली पोरगी, आता तिला आवरेना. मग पलीकडून नवरामुलगा फुटला. मग त्याची आई, जी मेंदीच्या दिवसापासून मानपानावरून फुगून बसली होती, ती अशी हसली की तिला खुर्ची द्यावी लागली.

आप्पांनी डोळे उघडले. इकडे बघितलं, तिकडे बघितलं. मी म्हटलं, संपलं, आता हे उतरून जातात. पण चाळीस वर्षं वर्ग सांभाळलेला माणूस तो. पोरं का हसतायत हे त्यांना बरोबर कळलं. त्यांनी माइक जवळ ओढला आणि दुसऱ्या कडव्यात जिथे म्हणून 'स' होता, तिथे थांबून, चवीने, सगळ्या हॉलकडे बघत 'श' म्हटला. शेवटच्या अष्टकाला गुरुजींनी 'शुभ मंगल' म्हटलं आणि पुढचं आप्पांवर सोडलं.

"शावधाऽऽन!"

"शावधान!" अख्खा हॉल ओरडला, आणि अक्षतांचा पाऊस पडला. गुरुजीही तसंच म्हणाले. मी स्वतः ऐकलं.

लॉकर एकतिसाव्या किल्लीने उघडला. रोझी धावत खाली आली, तेव्हा पंगती बसल्या होत्या. आत काय होतं? दातांची डबी, लाल मोटार, अर्धं केळं आणि टीव्हीचा रिमोट. तो रिमोट हरवला म्हणून आदल्या संध्याकाळी मी नवा देऊन आले होते.

मी कवळी स्वच्छ धुतली, एका झाकणाच्या वाटीत ठेवली, वाटी ताटलीत ठेवली आणि पंगतीतून वाढपिणीसारखी चालत आप्पांपर्यंत गेले. आप्पा अबीरच्या उंच खुर्चीशेजारी बसले होते. किचनने अबीरसाठी मऊ भात केला होता, वर तूप आणि मेतकूट. पणजोबा-पणतू एकाच ताटात जेवत होते. लोक जिलेबी मोडत होते आणि हे दोघे मऊ भात भुरकत होते. मी झाकण उघडून दाखवलं.

"ठेवा बाजूला," आप्पा म्हणाले. "जेवण झाल्यावर घालतो. फोटोला."

केतकी हात धुवायला गेली तिथे मी तिला गाठलं. म्हटलं, "केतकी, तुझं लक्ष नव्हतं म्हणून काही झालं नाही. ते लॉकरचं मी शिकवलं त्याला. काल, तू मेंदी लावून बसली होतीस तेव्हा. सकाळी सरांसमोर मी बोलायला पाहिजे होतं. बोलले नाही."

ती नळ बंद करून माझ्याकडे वळली. वाटलं, आता ऐकवते.

"मला माहीत आहे, मावशी."

"म्हणजे?"

"मी आरशासमोर बसले होते ना. सगळं दिसत होतं. सकाळी घाईत गॅरेज म्हणजे काय ते सुचलं नाही, तुम्ही कपाट उघडलंत तेव्हा आठवलं. पहिल्या वेळेलाच मनात आलं, थांबवावं. हा आता हे सोडणार नाही." ती मेंदीचे हात पुसत हसली. "पण सव्वादोन वर्षांत पहिल्यांदा अर्धा तास त्याला माझ्याशिवाय दुसरं कोणीतरी हवं होतं. मी डोळे मिटून बसून राहिले. खरं सांगू? झोप लागली मला. बसल्या बसल्या."

मग आम्ही दोघी बेसिनपाशी उभ्या राहून इतक्या हसलो की हात धुवायला आलेले लोक दुसऱ्या नळाला गेले. पारेखसरांना काही सांगायचं नाही, हे तिनेच ठरवलं. म्हणाली, "तुमची नोकरी आहे. मी काय, उद्या नाशिकला."

पारेखसरांनी मात्र ते मनावर घेतलं. आठवड्याभरात त्यांनी नोटीस छापून आणली. मराठी, हिंदी, गुजराती, तीन भाषांत. 'लॉकर हे खेळणे नाही. कृपया बालकांना दूर ठेवावे.' बेचाळीस खोल्यांत ती चिकटवायचं काम माझ्याकडे आलं. रोझी खळीचा डबा घेऊन बरोबर. पहिल्या मजल्यापासून सुरुवात केली. मी नोटीस धरायची, तिने खळ लावायची, मी दाबून बसवायची. चाळीस खोल्यांत रोझी चकार शब्द बोलली नाही. एकेचाळिसाव्या खोलीत तिने ब्रश खाली ठेवला, नोटीस नीट वाचली आणि म्हणाली,

"ताई, पोरांचा यात काय दोष न्हाय. इथं तुमचाच नाव टाकाला पायजे."